पोर्टलीशचे बागूल

आयर्लंडमध्ये शशिकांतचं आडनाव कुणालाही धड उच्चारता येत नाही, आणि याचा त्याला कधी राग आलेला नाही. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट त्याला 'मिस्टर बेगल' म्हणून हाक मारते. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्या टेबलावर तीळ लावलेला बेगल, म्हणजे मध्ये भोक असलेला गोल पाव, आणून ठेवला होता. शशिकांतने तो मजेत खाल्ला आणि वर चीजही मागितलं. परक्या माणसाची जीभ, वळत नाही तर नाही वळत, त्यात अपमान कसला? राग त्याने राखून ठेवला होता तो ज्यांची जीभ व्यवस्थित वळते त्यांच्यासाठी.

मराठी माणसाला 'बागूल' म्हणता येतं. नको तितकं येतं. नवी ओळख झाली की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो हसतो आणि म्हणतो, "म्हणजे बागुलबुवा!", जणू हा विनोद जगात पहिल्यांदा त्यालाच सुचला. नाहीतर तो हसत नाही, मान किंचित तिरकी करतो आणि विचारतो, "बागूल म्हणजे... तुमच्याकडचे नक्की कोण?" हा प्रश्न कशासाठी असतो हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि शशिकांतलाही. माणसं विमानात बसून इतक्या लांब आली, इथे येऊन कपाटाला 'प्रेस' म्हणायला शिकली, उठता-बसता 'ठीक आहे'ऐवजी 'ग्रँड' म्हणायला शिकली, आणि हा प्रश्न मात्र बॅगेत नीट घडी घालून आणला. शशिकांतचं त्यावर ठरलेलं उत्तर आहे. "मुल्हेरचे," एवढंच तो म्हणतो आणि विषय बदलतो.

मुल्हेर म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या पार उत्तरेला, बागलाणात, गुजरातच्या हद्दीजवळ. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत त्याचा जन्म. वडील, म्हणजे आबा, सटाणा आगारात एसटीचे कंडक्टर होते. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि इंग्रजी फक्त परीक्षेपुरतं. नाशिकला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर राहायला गेला त्या पहिल्याच संध्याकाळी सीनियर पोरांनी त्याला दाराआड उभं केलं. येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाच्या अंगावर उडी मारून 'भ्याऽऽ' ओरडायचं, अशी शिक्षा. नाव बागूल, मग दुसरं काम काय देणार? शशिकांत उड्या मारत राहिला आणि सगळ्यांबरोबर हसत राहिला. पुढे पुण्यातल्या कंपनीत सहलीला जाताना टीमने टीशर्ट छापून घेतले. सगळ्यांच्या पाठीवर नावं, याच्या पाठीवर 'बुवा'. तो टीशर्टही त्याने घातला. हसून घालवलं की माणूस 'स्पोर्टिंग' ठरतो. शशिकांत वर्षानुवर्षं स्पोर्टिंग होता.

लग्न झालं पुण्याच्या सुचित्राशी. तिने आडनाव बदललं नाही, तेव्हा तिच्या मावशीने सगळ्यांदेखत "शहाणी आहेस" म्हणून तिची पाठ थोपटली. सुचित्राची आई मात्र साधी, मायाळू बाई. ती व्हिडिओ कॉलवर नातीला सवयीने म्हणून गेली, "केतकी, दूध पी बघू, नाहीतर बागुलबुवा येईल हं." केतकी तेव्हा चार वर्षांची होती. तिने शांतपणे मागे वळून बघितलं आणि सांगितलं, "ही इज इन द किचन, आजी. मेकिंग चहा." पुण्यात त्या बिचारीचा चेहरा पडला. त्या दिवशी शशिकांतला खरंच मनापासून हसू आलं.

आता बागलाणाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण ते कुणी सांगत नाही.

बागलाण हे मधलं राज्य. एका अंगाला दख्खन, दुसऱ्या अंगाला गुजरात, डोक्यावर खानदेश, आणि मधून सुरतेच्या बंदराकडे जाणारी वाट. बागूल राजे त्या वाटेवर बसलेले. ज्याची फौज मोठी त्याला खंडणी द्यायची आणि किल्ल्यांवर दाणागोटा भरून ठेवायचा, हे त्यांचं राजकारण. पंधराव्या शतकात, चौदाशे तीसच्या आसपास, बहमनी सुलतानाची फौज या मुलखात घुसली. तिने मुलूख जाळून-लुटून काढला, किल्ल्याला वेढा घातला. मग गुजरातचा सुलतान धावून आला. राजावरच्या मायेने नव्हे, आपली हद्द राखायला. बहमनी फौज किल्ला न घेताच मागे फिरली. शशिकांतने वाचलेल्या पुस्तकांत हे सगळं दीड-दोन ओळींत उरकलेलं आहे. त्या ओळींत दोन्ही सुलतानांची नावं आहेत. ज्याचं घर जळलं त्या राजाचं नाव लिहायला कुणाला जागा मिळाली नाही.

किल्ला नेमका कोणता, याबद्दल पुस्तकं वेगळं काही सांगतात. शशिकांतच्या आजोबांना ते मान्य नव्हतं. ते मुल्हेरकडे बोट दाखवायचे आणि सांगायचे की वेढा पडला तेव्हा बागूल रानवाटांनी खाली उतरून छावणीवर तुटून पडायचा. शेवटी शेवटी तर छावणीत कुणाचं पोर रडलं की आया म्हणायच्या, गप, बागूल येईल. "त्या आपलाले घाबरेत, पोरा," आजोबा म्हणायचे. ते आपल्याला घाबरायचे. खरं-खोटं देव जाणे. शब्दांचे जाणकार कदाचित या व्युत्पत्तीला हसतील. पण शशिकांतच्या मनात ती लहानपणीच रुतून बसली होती. भ्यायचे ते जाळपोळ करायला आलेले लोक, आणि त्यांचा तो भीतीचा शब्द पुढे आपण उचलला, तोही आपल्याच पोरांच्या तोंडात घास कोंबायला. आजोबांना यात काही वावगं वाटत नव्हतं, त्यांना तो मान वाटायचा. शशिकांतला मात्र याची चीड यायची.

दोन हजार वीसचा ऑक्टोबर संपत आला तेव्हा कोरोनामुळे आयर्लंड पुन्हा बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. शाळा तेवढ्या चालू होत्या. शशिकांतचं ऑफिस डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात, पण तिथली घरं परवडेनात म्हणून तो तासाभराच्या अंतरावरच्या पोर्टलीशला राहायचा. आता तर स्वयंपाकघरातलं टेबल हेच ऑफिस झालं होतं. सुचित्रा इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, ती घरी यायची ती मास्कचे वळ घेऊनच. आठ वर्षांच्या केतकीला शाळा सुटल्यावर खेळायला कुणी नव्हतं.

मराठी मंडळाची दिवाळी दरवर्षी ब्लँचर्डस्टाउनच्या हॉलमध्ये व्हायची. या वर्षी ती झूमवर होणार होती, आणि मुलांचं नाटक बसवायचं ठरलं होतं. नाटक लिहिलं यशवंतदादांनी. यशवंतदादा मंडळाचे जुने माणूस. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वीस वर्षांपूर्वी डब्लिनला आलेले, आणि इतिहासावर आपलं विशेष प्रेम आहे असं स्वतःच सांगणारे. नाटकाचं नाव 'मोहीम बागलाणची'. शशिकांतने ग्रुपवर नाव वाचलं आणि त्याला आधी विश्वासच बसेना. इतक्या वर्षांत कुणा मराठी माणसाच्या तोंडून बागलाण हा शब्द त्याने ऐकला नव्हता. त्याने आबांना फोन करून सांगितलंसुद्धा, "आबा, आपल्या राजावर नाटक आहे इथे. केतकी त्यात आहे." आबांनी शेजारच्या मास्तरांना सांगून ठेवलं की त्या दिवशी त्यांच्या मोठ्या फोनवर सगळ्यांनी मिळून बघायचं.

दोन दिवसांनी भूमिका आल्या. सुलतान: पियूष, म्हणजे यशवंतदादांचा मुलगा. सेनापती, हेर, शिपाई: बाकीची पोरं. आणि शेवटी, बागुलबुवा: केतकी.

शशिकांतने फोन लावला.

"दादा, केतकीची भूमिका काय आहे नक्की?"

"अरे, हीरोच आहे ती," यशवंतदादा खुशीत म्हणाले. "बागलाणचा राजा. लिहिता लिहिता ते नाव समोर आलं आणि डोक्यात एकदम ट्यूब पेटली. बागूल राजा, बागुलबुवा. आणि आपल्याकडे खरीखुरी बागूल आहेच. तिला मेकअपसुद्धा नको."

"राजाचं नावच बागुलबुवा आहे?"

"कॉमेडी आहे रे. पोरं बोअर व्हायला नकोत. सुलतान येतो, शोधतो, हा बंडखोर कपाटात लपून बसलेला, मग एकदम उडी मारून भ्याऽऽ करतो. सगळे पळतात, शेवटी त्याला पकडतात. क्यूट होईल."

"बंडखोर कसा, दादा? राज्य त्याचं होतं. बंड कुणाविरुद्ध करणार तो?"

 मग यशवंतदादांचा आवाज वेगळाच मऊ झाला. "बरं, मला एक सांग. तुम्ही बागूल म्हणजे त्या राजघराण्यातले का? की... म्हणजे तुमच्यातले नक्की कोण?"

"मुल्हेरचे," शशिकांत म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

 राजघराण्यातला असशील तर तुझा राग ऐकून घेतो, नसशील तर तुला काय फरक पडतो, असाच त्या प्रश्नाचा अर्थ होता. अरे, माझा आजा त्या डोंगराखाली जगला आणि मेला, माझ्या घराण्याचं काय करायचंय तुला? हे सगळं त्याला आता सुचत होतं, फोन ठेवल्यावर.

सुचित्रा घरी आली तेव्हा तो ओट्यापाशी येरझारा घालत होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काढून टाकू तिला नाटकातून. वाद कशाला? सांगू, वेळ नाही म्हणून."

"कारण का बदलून सांगायचं? चूक आपली आहे का?"

"चूक त्यांचीच आहे. पण शशी, तिला बाकी आहे काय सध्या? आठवड्यातून दोनदा त्या झूमच्या चौकटींत चार पोरं दिसतात, तेवढंच."

केतकी दारात उभी राहून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते, तेही पोर्टलीशच्या हेलात. "इट्स ग्रँड, बाबा," ती म्हणाली. "आय गेट टू जंप आउट ऑफ द प्रेस." यावर काय बोलणार? आठ वर्षांच्या मुलीला कपाटातून उडी मारायला मिळते आहे, आणि बाप सहाशे वर्षांपूर्वीच्या वेढ्याबद्दल भांडतो आहे. 

शनिवारी तालीम होती. मुलांना शिकवणारी पूर्णिमा लाघवी आणि अगदी मनापासून राबणारी मुलगी. तिला यात काही बोचतंय याची कल्पनाही नव्हती. शशिकांत लॅपटॉपच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा उभा होता. केतकी स्वयंपाकघरातल्या उंच प्रेसमध्ये झाडू आणि बादलीच्या शेजारी अंग चोरून उभी राहिली होती. पियूष ओरडला, "बागुलबुवा, बाहेर ये!" आणि तिने उडी मारली. चौकटीचौकटींतून पोरं ओरडायला लागली, "बुवा! बुवा! केतकी बुवा!" नाटक थांबलं तरी थांबेनात. केतकी हसली.

ते हसू शशिकांतला ओळखीचं वाटलं. ओठ आधी हसतात, डोळे मागाहून येतात, आणि मधल्या क्षणात समोरच्याकडे बघून घेतलं जातं की पुरेसं हसलो का. नाशिकच्या हॉस्टेलवर दाराआड उभा राहून तो हेच हसला होता. पुण्यात तो टीशर्ट घालताना हेच हसला होता. कुणी न शिकवता ते पोरीपर्यंत पोहोचलं होतं.

मग त्याचं लक्ष स्क्रीनवर तिच्या चौकटीखाली गेलं. तिथे लिहिलं होतं, 'केतकी बी'. बाकी प्रत्येक पोराचं आडनाव पूर्ण होतं.

"हे असं का लिहिलंस?" तालीम संपल्यावर त्याने विचारलं.

"देन दे डोन्ट डू द बुवा थिंग," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "कॅन आय बी आईज् नेम इन सेकंडरी स्कूल?"

ते ऐकून शशिकांतच्या अंगाचा तिळपापड झाला. नाटक चुलीत गेलं, राजाही गेला. पोर आपलं नाव टाकायला निघाली होती, आणि ते टाकायला तिला लावत होती ती आपली माणसं. तिला 'बेगल' म्हणणाऱ्या शाळेत तिने नाव लपवलं नव्हतं. जिथे नाव बरोबर उच्चारता येतं तिथे लपवलं होतं.

पुढच्या मंगळवारी पालकांची बैठक होती, झूमवरच. शशिकांतने आयुष्यात पहिल्यांदा सगळं बोलायचं ठरवलं आणि बोलला. हॉस्टेलचं बोलला, टीशर्टचं बोलला, राजा बंडखोर कसा होतो ते विचारलं, आडनाव विचारून माणसाची जागा ठरवायची सवय इथे तरी सोडा म्हणाला.  सगळ्या चौकटी टक लावून बघत होत्या. तो थांबला तेव्हा पूर्णिमा हळूच म्हणाली, "शशिकांतदादा, तुम्ही म्यूटवर आहात."

त्याने बटण दाबलं. पण असा राग दोनदा येत नाही. दुसऱ्या खेपेला तो एवढंच म्हणू शकला, "राजाला बागुलबुवा म्हणू नका, एवढीच विनंती आहे." स्वतःच्याच तोंडून निघालेला 'विनंती' हा शब्द त्याला कडू लागला.

"अरे, इतकं काय मनाला लावून घेतोस?" यशवंतदादा म्हणाले. "जोक आहे तो. तुझ्यासाठी बदलतो, बाग्या करू. बाग्या चालेल?"

दोन-तीन जण हसले. कुणी हसू दाबलं. एकानेही तोंड उघडून म्हटलं नाही की दादा, हे बरोबर नाही. पूर्णिमाने खाली बघितलं. शशिकांतने लॅपटॉप मिटला. पहिल्यांदा जे बोललो ते यांनी ऐकलं असतं तर काही झालं असतं का, याचा विचार तो दोन दिवस करत होता, आणि उत्तर दरवेळी 'नाही' असंच येत होतं. 'बाग्या'सुद्धा पुढे कुणी केलं नाही. संहितेत बागुलबुवा तसाच राहिला.

रविवारी तो केतकीला घेऊन डनमेसच्या खडकावर गेला. त्यांचं घर गावाच्या त्याच अंगाला असल्याने पाच किलोमीटरच्या हिशेबात ते कसंबसं बसत होतं. वर पडका किल्ला आहे, भिंतींची खिंडारं, त्यात गवत, आणि चहूकडे लीश परगण्याची सपाट हिरवी शेतं. वारा असा की टोपी धरून बसावं लागे. एका भिंतीच्या आडोशाला बसून त्याने तिला आजोबांची गोष्ट सांगितली. आजवर कधी सांगितली नव्हती. का सांगितली नव्हती, कोण जाणे. शहाण्या लोकांत वावरताना असल्या गोष्टी माणूस खिशातच ठेवतो.

"वॉज द किंग स्केअर्ड?" तिने विचारलं.

"असेल की. खाली सगळं जळत होतं. पण तो कपाटात लपला नव्हता."

"सो हू वॉज स्केअर्ड ऑफ हिम?"

"जे जाळायला आले होते ते."

केतकीने बराच वेळ गवताच्या काड्या उपटल्या. मग तिने विचारलं की मग आपण त्याला बुवा का म्हणतो.  "आपण मूर्ख आहोत म्हणून," तो म्हणाला, आणि तिला ते पटल्यासारखं दिसलं.

उतरताना त्याने ठरवून टाकलं होतं. "तू नाटकात नाहीस," तो म्हणाला. "मी पूर्णिमामावशीला कळवतो. आणि आबांना मी सांगेन काय ते."

"नो," केतकी म्हणाली. "आय'म डुइंग इट."

"का? त्यांनी पुन्हा ओरडावं म्हणून?"

ती पुढे धावत गेली आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली. सुचित्राही घरी म्हणाली, करायचंय म्हणतेय तर करू दे. शशिकांतला वाटलं, झालं, हीसुद्धा आपल्यासारखी स्पोर्टिंग निघाली. ते तीन-चार दिवस तो घरात कुणाशी धड बोलला नाही.

दिवाळी शनिवारी आली. दुपारी पोर्टलीशला पाऊस होता. तिकडे मुल्हेरला अंधार पडला होता आणि मास्तरांच्या ओसरीवर आबा, त्यांच्या मांडीशी दोन-तीन पोरं, मागे बायका, सगळे एका चौकटीत दाटीवाटीने बसले होते. आबांनी टोपी घातली होती. ते पाहून शशिकांतला वाटलं, आत्ता वीज जावी, तिकडची नाहीतर इकडची. आबांना त्याने फक्त 'आपल्या राजाचं नाटक' एवढंच सांगितलं होतं. खरं सांगायला त्याची जीभ रेटली नव्हती.

यशवंतदादांनी प्रास्ताविक केलं. नव्या पिढीला आपला इतिहास कळावा, वगैरे. नाटक सुरू झालं. पियूषच्या डोक्यावर आईच्या रेशमी ओढणीचा फेटा होता आणि हातात पुठ्ठ्याची तलवार. हेर आले, शिपाई आले, कुणाचं नेटवर्क गेलं, कुणाच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग पियूष कॅमेऱ्यासमोर येऊन ओरडला, "बागुलबुवा, बाहेर ये!"

प्रेसचं दार उघडलं. केतकीने उडी मारली नाही. ती एक पाय टाकून सावकाश बाहेर आली. तिचा शेला झाडूच्या दांड्याला अडकला होता, तो तिने सोडवला. दार मागे नीट लावलं. समोरचं स्टूल ओढून त्यावर बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. चौकटींतून पोरं 'बुवा, बुवा' करायला लागली होती, ती हळूहळू थांबली, कारण तिने हसून दाखवलंच नाही.

"मी बागूल आहे," ती म्हणाली. "बुवा नाही."

तिचे उच्चार वेडेवाकडे होते, पण एकूण एक शब्द मराठी होता. शशिकांत ओट्याला टेकून उभा होता. त्याने सुचित्राचा हात धरला.

"हे माझं घर आहे," केतकी पियूषला म्हणाली. "तू जाळायला आला. तू जा."

पियूषने तलवार खाली केली आणि कडेला, बापाच्या दिशेने बघितलं. "बट यू हॅव टू जंप," तो कुजबुजला.

"नाही," केतकी म्हणाली.

 मास्तरांच्या ओसरीवर आबांनी मान पुढे काढून कान फोनजवळ आणला. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळ्यांचं चित्र पाठवलं, आणि सगळ्या स्क्रीनवर हृदयं आणि टाळ्या उडायला लागल्या. किती गोड, किती क्यूट. यशवंतदादांचा आवाज सगळ्यांच्या वर आला. "वा, वा! डायलॉग विसरली बघा पोर, पण काय कॉन्फिडन्स! जोरदार टाळ्या होऊ द्या तिच्यासाठी. हरकत नाही बेटा, विसरायला होतं."

 म्हणजे हेही यांनी गिळलं. शशिकांत बोलायला लॅपटॉपकडे पुढे झाला, पण केतकी आधीच स्टुलावरून उठली होती. ती चालत कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली की चौकटीत फक्त तिचं कपाळ आणि डोळे उरले.

"काका," ती म्हणाली, "मी विसरले नाही."